फी नक्की कशाची भरायची? इंजिनिअरिंग प्रवेशाबद्दल वाचकांचे प्रश्न

सीईटीचा निकाल लागला की या सदराकडे येणारी पत्रं एकदम बदलतात, दोन महिने सगळीकडे एकच विषय, कॅप राउंड (म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या), कट-ऑफ आणि फी. यावेळी आलेल्या पत्रांमधले पाच प्रश्न निवडलेत, नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत, आणि पहिल्या पत्राला जरा जास्तच जागा दिलीये कारण तसाच प्रश्न थोड्याफार फरकानं खूप घरांतून आलाय.

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी बार्शीचा, छोटं हार्डवेअरचं दुकान आहे, थोडी शेती आहे, वर्षाचं उत्पन्न साधारण सहा लाख. मुलाला सीईटीला ९४ पर्सेंटाइल पडलेत, ओपनमधून. तीन पर्याय दिसतात. पुण्यात एक नाव असलेलं प्रायव्हेट कॉलेज, तिथं आयटी मिळेल, फी वर्षाला १ लाख ८० हजार आणि हॉस्टेल-मेस महिना १२ हजार. दुसरं कराडचं सरकारी कॉलेज, तिथं इलेक्ट्रिकल बसतंय, सगळं मिळून वर्षाला ८५ हजारात भागेल असं तिथल्या पोरांनी सांगितलं. तिसरं सोलापूरचं प्रायव्हेट कॉलेज, कॉम्प्युटर, फी १ लाख ५ हजार, रोज एसटीनं ये-जा करता येईल. माझ्याकडे बाजूला टाकलेले साडेतीन लाख आहेत, पुण्यासाठी बाकीचं कर्ज काढायची तयारी आहे. पाव्हणे म्हणतात पुण्याशिवाय नोकरी नाही. काय करू?

उत्तर: दादा, तुम्ही आकडे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण बहुतेक पालक फक्त वर्षाची फी बघतात आणि तिथंच गणित चुकतं. आपण चारही वर्षांचा पूर्ण हिशोब मांडू, आणि तोही सवलत वजा करून.

तुमचं उत्पन्न आठ लाखाच्या आत आहे, म्हणजे कॅप राउंडमधून ॲडमिशन घेतली तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती लागू होते, ज्याला सगळे ईबीसी म्हणतात ती. त्यात ट्यूशन फी निम्मी माफ होते. लक्षात घ्या, ट्यूशन फी, पूर्ण फी नाही. कॉलेजच्या फीमध्ये डेव्हलपमेंट फी वेगळी असते आणि ती तुम्हालाच भरायची असते. समजा पुण्याच्या १ लाख ८० हजारात ट्यूशन १ लाख ६० हजार आहे, तर ८० हजार सुटतील, एक लाख भरावे लागतील. त्यावर दहा महिन्यांचं हॉस्टेल-मेस १ लाख २० हजार. झाले वर्षाला २ लाख २० हजार, चार वर्षांचे ८ लाख ८०, आणि लॅपटॉप, परीक्षा फी, दिवाळी-उन्हाळ्याचं येणं-जाणं धरलं की साडेनऊ लाख कुठं गेले नाहीत. कराड तुमच्याच आकड्यानं ३ लाख ४० हजार. सोलापूरला ट्यूशन ९० हजार धरली तर निम्मी जाऊन ६० हजार फी, वर एसटीचा पास, डबा, वरखर्च, म्हणजे चार वर्षांत सव्वातीन लाखाच्या आसपास. थोडक्यात कराड आणि सोलापूर पैशानं जवळजवळ सारखेच पडतात, आणि पुणे त्याच्यापेक्षा सहा लाखानं वर. तुमचा खरा प्रश्न तो सहा लाखांचा आहे.

आता ते सहा लाख कर्ज काढले तर काय होतं ते बघा. दरवर्षी दीड-दीड लाख उचलले, व्याज दहा टक्के धरलं, आणि शिकत असताना व बँक सोडते त्या पुढच्या एका वर्षात काहीच भरलं नाही, तर साधं व्याजच २ लाख १० हजार साचतं. म्हणजे हप्ता सुरू होतो तेव्हा कर्ज ८ लाख १० हजारांचं झालेलं असतं, आणि दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता साधारण १० हजार ७०० रुपये. मोठ्या आयटी सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज बरीच वर्षं साडेतीन लाखाच्या आसपासच घुटमळतंय, हातात महिना पंचवीस हजाराच्या पुढेमागे येतात. त्यातून पुण्यातली कॉट बेसिसची खोली, डबा, गाडीचं पेट्रोल आणि हा हप्ता, मुलगा घरी काही पाठवणं दूरच राहिलं, तुम्हालाच अधूनमधून पाठवावे लागतील. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे, तिच्यात १० लाखापर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमच्या, म्हणजे हप्ते सुरू व्हायच्या आधीच्या, काळात व्याजात ३ टक्के सवलत मिळते, पण ती ठरावीक यादीतल्या संस्थांनाच लागू आहे आणि दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा लाभ मिळणाऱ्यांना ती सवलत नाही, त्यामुळे ईबीसी घेताना तिच्यावर हिशोब उभा करू नका.

म्हणजे पुण्याला जाऊच नये का, तर तसं मी म्हणत नाही. सहा लाख जास्त देताय तर त्या बदल्यात काय मिळतंय ते तपासा, पाव्हण्यांच्या तोंडी नाव आहे म्हणून देऊ नका. आणि तपासायला एक सोपी जागा आहे जी फार कमी पालकांना माहीत असते. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या रँकिंगमध्ये जी कॉलेजं भाग घेतात त्यांना त्यांनी भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर टाकावी लागते. कॉलेजच्या साइटवर एनआयआरएफ नावाची लिंक शोधा, पीडीएफ उघडेल, त्यात खाली चार वर्षांच्या डिग्रीचा एक तक्ता असतो. रँक कितवी आली ते बाजूला ठेवा, तो तक्ता बघा. पहिल्या वर्षाला किती मुलं आली, त्यातली किती वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली, आणि नोकरी लागलेल्यांचा मीडियन पगार किती, सगळं बॅचनुसार तीन वर्षांचं असतं. मीडियन म्हणजे पगारानुसार सगळ्यांना रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या मुलाचा पगार.

हा मधला मुलगा महत्त्वाचा. माहितीपत्रकावर ज्याचा फोटो असतो तो ४० लाखाच्या पॅकेजवाला मुलगा एखादाच असतो, तो कुठल्याही कॉलेजात गेला असता तरी वर आला असता. समजा एखाद्या कॉलेजात ६०० मुलं आली, वेळेत पास झाली ४३०, आणि नोकरी लागली २५०. कॉलेज म्हणेल ९० टक्के प्लेसमेंट, कारण ते फक्त प्लेसमेंटला बसायला पात्र ठरलेल्यांमधून टक्केवारी काढतात, ज्यांना केटी लागली म्हणजे विषय राहिले, ज्यांचा सीजीपीए कमी आला ते त्या गणितात धरलेलेच नसतात. तुमच्या मुलासाठी खरा आकडा ६०० पैकी २५० हा आहे. आणि हा आकडा सगळ्या ब्रँच मिळून असतो, म्हणून ब्रँचचं वेगळं विचारायला कॉलेजात जावंच लागेल.

जाल तेव्हा रविवारी किंवा ॲडमिशनच्या मांडवात जाऊ नका, कॉलेज चालू असताना मधल्या वारी जा, मुलाला सोबत घ्या, ऑफिसच्या आधी कँटीनला जा. थर्ड इयरची पोरं गाठा आणि दोनच गोष्टी विचारा. गेल्या सेमिस्टरला किती सर-मॅडम मधेच सोडून गेले? आणि प्रॅक्टिकल खरंच होतात की नुसती जर्नल उतरवून सबमिशन होतं? मुलं खोटं बोलत नाहीत हो, उलट कुणी विचारतंय म्हटल्यावर भरभरून सांगतात. त्यांच्याकडून पंधरा मिनिटांत जे कळतं ते कौन्सेलिंगच्या टेबलावर तासभर बसून कळत नाही.

अजून एक, नॅक आणि एनबीए या दोन्ही दर्जा तपासून मिळणाऱ्या मान्यता आहेत, त्यात गल्लत करू नका. नॅकची ग्रेड पूर्ण कॉलेजला असते, एनबीए त्या त्या कोर्सला असतं. बोर्डवर 'एनबीए ॲक्रेडिटेड' लिहिलेलं असतं पण कधीकधी ते सिव्हिल-मेकॅनिकलचं असतं आणि नवीन काढलेल्या आयटीच्या तुकड्यांना नसतं. तुमच्या ब्रँचला आहे का आणि कधीपर्यंत आहे ते विचारा.

आता माझं मत. तुम्ही तिन्ही पर्याय लिहिले पण मुलाला काय हवंय ते पत्रात एकदाही आलं नाही. त्याला समोर बसवा, कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रिकलचे सेकंड इयरचे सिलॅबस काढा, एका बाजूला डेटा स्ट्रक्चर, डिस्क्रीट मॅथ्स, डेटाबेस, दुसऱ्या बाजूला नेटवर्क ॲनालिसिस, इलेक्ट्रिकल मशीन्स, पॉवर सिस्टीम, आणि त्याचा चेहरा बघा. त्याला 'कोडिंगच करायचंय' असं आतून वाटत नसेल, नुसतं सगळे म्हणतात म्हणून कॉम्प्युटर म्हणत असेल, तर मी कराडला पाठवेन. ते कॉलेज १९६० चं आहे, सरकारी आहे, ऑटोनॉमस म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवणारं आहे, तिथं येणारी पोरं सातारा-सांगली-कोल्हापूर-सोलापूर पट्ट्यातली मेहनती पोरं असतात आणि चार वर्षं कुणासोबत राहिला यानं मूल फार घडतं. इलेक्ट्रिकलवाल्याला महावितरण, महापारेषण, महानिर्मितीच्या भरतीची दारं उघडी असतात, गेट ही परीक्षा देऊन पीएसयूत म्हणजे सरकारी कंपनीत नोकरी किंवा आयआयटीत एमटेक करता येतं, आणि बऱ्याच आयटी कंपन्या कुठल्याही ब्रँचची मुलं घेतात. आणि सहा लाखांचं कर्ज काढावंच लागणार नाही, त्याच्या गेटच्या तयारीला, चांगल्या लॅपटॉपला लाख-दीड लाख लागले तरी ते त्याच्यापेक्षा कितीतरी कमीच.

त्याला खरंच कॉम्प्युटरच हवं असेल तर सोलापूर आधी तपासा, एनबीए, तो पीडीएफचा तक्ता, शिक्षक, सगळं. पण रोज बार्शी-सोलापूर ये-जा नको. सत्तर किलोमीटर जाताना, सत्तर येताना, पोराचे चार तास रस्त्यात जातील आणि प्रोजेक्ट, क्लब, स्पर्धा, जे काही कॉलेज सुटल्यावर घडतं ते सगळं त्याच्या हातून निसटेल. पहिली दोन वर्षं तरी तिथंच खोली करून द्या, तरी पुण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.

पुणं मी दोनच बाबतीत वर आणेन. एक, टीएफडब्ल्यूएसमधून, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या योजनेतून, सीट मिळाली तर. त्यात पूर्ण ट्यूशन फी माफ असते, आठ लाखाच्या आतल्या उत्पन्नाला चालतं, प्रत्येक ब्रँचला ५ टक्के जागा असतात, फक्त ऑप्शन फॉर्ममध्ये तिचा चॉइस कोड वेगळा असतो तो वेगळा भरावा लागतो आणि कट-ऑफ नेहमीच्या सीटपेक्षा वर जातो. तरी भरून ठेवा, भरायला काही लागत नाही. आणि दोन, त्या पीडीएफमधला मीडियन सोलापूरपेक्षा बराच जास्त निघाला, आणि वेळेत पास होणाऱ्यांचं प्रमाणही चांगलं असलं तर. उन्नीस-बीस असेल तर सहा लाख देऊ नका.

प्रश्न: ताई, मी चिपळूणची आहे. मला ९८ पर्सेंटाइल आहेत, ओबीसी, पप्पांचं उत्पन्न पाच लाख. मला पुण्यात कमिन्सला कॉम्प्युटर किंवा ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) करायचंय. घरी म्हणतात दोन लाख फी कुठून आणायची, मुलीला एवढ्या लांब कशाला, इथंच जवळच्या प्रायव्हेट कॉलेजला घाल. मी काय सांगू त्यांना?

उत्तर: आधी तुझं मनापासून कौतुक, ९८ म्हणजे खूप मेहनत केलीयेस. आणि आता हे उत्तर पप्पांसमोर मोठ्यानं वाच.

८ जुलै २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं जीआर काढला, त्याप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल आणि ॲडमिशन कॅपमधून झाली असेल, तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. आधी ती निम्मी होती. सरकारी, अनुदानित, विनाअनुदानित, सगळ्या कॉलेजांना हे लागू आहे. म्हणजे घरी ज्या दोन लाखांची धास्ती घेतलीये ते बहुतेक तुम्हाला भरायचेच नाहीत, राहते ती डेव्हलपमेंट फी आणि राहणं-जेवण. जवळच्या कॉलेजातही माफी तेवढीच, मग फीच्या नावाखाली ९८ पर्सेंटाइलवाल्या मुलीनं कट-ऑफ ६० ला बंद होणाऱ्या कॉलेजात का जायचं? मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ही माफी माहीतच नसल्यामुळे अजूनही किती मुली जवळचं आणि स्वस्त वाटणारं कॉलेज धरतात आणि घरच्यांना वाटतं आपण पैसे वाचवले.

राहण्याचं म्हणशील तर कॉलेजचं मुलींचं हॉस्टेल मिळतंय का ते आधी बघ, मेरिटवर मिळतं आणि पटकन भरतं. सरकारी हॉस्टेलला अर्ज कर, तिथं नाही मिळालं तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसी मुलांसाठी, त्यात राहण्या-जेवण्याचे पैसे खात्यात येतात, तिचा अर्ज इतर मागास बहुजन कल्याणच्या जिल्हा ऑफिसात चौकशी करून वेळेत टाक.

कागद मात्र आजच गोळा कर, कारण माफी हातातून जाते ती कागदामुळे. कास्ट सर्टिफिकेट, कास्ट व्हॅलिडिटी, चालू नॉन-क्रीमीलेअर, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल. बँक खातं आधारला लिंक असायला हवं, नुसतं जोडलंय असं नाही, सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात येतील अशी नोंद, झालंय का ते बँकेत विचारून घे. महाडीबीटीचा (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचा) फॉर्म दरवर्षी नव्यानं रिन्यू करावा लागतो, पहिल्या वर्षी भरला म्हणजे झालं असं नसतं. आणि कॉलेजनं पूर्ण फी आधी भरा असं सांगितलं तर घाबरून उसनवारी करू नका, जीआरची प्रिंट घेऊन स्कॉलरशिप सेक्शनला जा, शांतपणे बोला.

अजून एक गोष्ट तू लिहिली नाहीस. ९८ ला कमिन्स हा छान विचार आहे, पण फॉर्ममध्ये त्याच्या वर पुण्याचं सीओईपी आणि माटुंग्याचं व्हीजेटीआय, तुला चालतील त्या ब्रँचसह टाकायला विसरू नको. आपल्याकडे एक बरं आहे, सगळ्यात जुनी आणि नावाजलेली कॉलेजं, १८५४ चं सीओईपी, १८८७ चं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, ही प्रायव्हेटच्या मानानं स्वस्तच आहेत. म्हणजे सगळ्यात वर नाव आणि खर्च यांचं भांडणच नाही, ते सुरू होतं त्याच्या खालच्या कॉलेजांत. फक्त तुला न आवडणारी ब्रँच नावासाठी वर टाकू नको, कारण २०२५ पासून नियम असा आहे की पहिल्या राउंडला पहिला पर्याय लागला, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी एक, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी एक, तर ती सीट आपोआप फ्रीझ म्हणजे पक्की होते, मग बेटरमेंट नाही, पुढच्या राउंडला वरचं कॉलेज मागता येत नाही. म्हणून वरचे सहा पर्याय असे लाव की त्यातलं कुठलंही मिळालं तरी तू खुशीनं जाशील.

आणि 'मुलीला एवढ्या लांब' याचं काय सांगायचं, तर पप्पांना घेऊन एक दिवस कमिन्सला जा. मुलींचं कॉलेज आहे, कर्वेनगरात आहे, आजूबाजूला सगळी मुलींची हॉस्टेलं. तिथं शिकणाऱ्या कोकणातल्या मुली त्यांना भेटतीलच, त्या काय सांगतात ते ऐकू दे त्यांना.

प्रश्न: माझा मुलगा ठाण्यात राहून सीईटीला बसला, ८९ पर्सेंटाइल. कॅपमधून एका बऱ्या कॉलेजात ईएक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) मिळेल. एका ओळखीच्या माणसानं सांगितलंय की मुंबईतल्या नामांकित कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर करून देतो, फीशिवाय १२ लाख कॅश, आणि आठवड्यात ॲडव्हान्स द्यायचाय. फ्लॅटसाठी ठेवलेले पैसे आहेत. एकदाच होतंय, करून टाकावं का?

उत्तर: नको. ताई, अगदी हात जोडून सांगते, ॲडव्हान्स देऊ नका.

फीशिवाय वरून घेतलेली रक्कम म्हणजे कॅपिटेशन फी आणि महाराष्ट्रात तिच्यावर १९८७ च्या कायद्यानं बंदी आहे. प्रायव्हेट कॉलेजची फी किती हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यांच्या साइटवर प्रत्येक कॉलेजचा मंजूर आकडा दिसतो. संस्थेच्या कोट्यातल्या जागा असतात हे खरं, पण त्याही जाहिरात देऊन, अर्ज मागवून मेरिटनं भरायच्या असतात, आणि तुम्ही स्वतः कॉलेजात जाऊन तो अर्ज भरू शकता, मधे कुणी लागत नाही. या 'ओळखीच्या' माणसाला कॅश दिली की तुमच्याकडे पावती नाही, काही नाही. सीट झाली नाही तर तक्रार कुठे करणार? असे एजंट चार-पाच जणांकडून पैसे घेतात, त्यातल्या एकाची ॲडमिशन त्याच्या स्वतःच्या मेरिटनं होते, ती दाखवून ते पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक धरतात. फसलेले पालक गप्प बसतात कारण आपणही चुकीचं केलंय हे त्यांना माहीत असतं, त्यामुळे हा धंदा चालू राहतो.

पैशाचा दुसरा भागही बघा. संस्था कोट्यातल्या ॲडमिशनला शिष्यवृत्ती मिळत नाही, म्हणजे १२ लाख देऊन वर चारही वर्षं पूर्ण फी. आणि कॉम्प्युटरच्या तुकड्यांचं आत्ता काय चाललंय ते ऐका. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, एका ब्रँचला किती जागा ठेवायच्या याची वरची मर्यादा काढून टाकली, तेव्हा कॉलेजांनी कॉम्प्युटर आणि एआयच्या जागा भराभर वाढवल्या. वीस मुलांमागे एक शिक्षक असा नियम आहे, पण वाढलेल्या तुकड्यांना तेवढे शिकवणारे मिळतात कुठे? म्हणजे नामांकित कॉलेजचं नाव मिळेल, पण वर्गात कोण उभं राहील त्याची खात्री नाही.

ईएक्सटीसी ही काही शिक्षा नाहीये हो. सेमीकंडक्टर, एम्बेडेड, टेलिकॉम सगळं त्यातून जातं, आयटी कंपन्या ईएक्सटीसीची मुलं आनंदानं घेतात, आणि बऱ्याच ऑटोनॉमस कॉलेजांत सेकंड इयरनंतर कॉम्प्युटरमध्ये मायनर किंवा ऑनर्स (डिग्रीसोबतचे जोड विषय) करता येतं, तुमच्या कॉलेजात आहे का ते विचारा. बारा लाख फ्लॅटसाठीच ठेवा. मुलाला घरून लोकलनं जाता येतंय, हॉस्टेलचा खर्च नाही, ही तुमची केवढी मोठी बाजू आहे.

आणि मुलाला हे विचारलंय का, की आईनं आपल्यासाठी घराचे पैसे दिले हे ओझं घेऊन त्याला चार वर्षं बसायचंय का? पहिल्या सेमला एम-वन (गणिताचा पहिला पेपर) राहिला तर तो घरी सांगायला घाबरेल. मी शिकवत असताना अशी मुलं पाहिलीत, केटी लपवतात, मग इयर डाऊन होतं तेव्हाच घरी कळतं.

प्रश्न: सर/मॅडम, नाशिकहून लिहितोय. मला वालचंदला मेकॅनिकल मिळण्याची शक्यता आहे. पुण्यातल्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीनं त्यांच्या परीक्षेतून एआय-डेटा सायन्स ऑफर केलंय, फी वर्षाला चार लाख, पण कॅम्पस भारी आहे, फॉरेन टायअप आहेत. सीट बुक करायला २५ हजार मागतायत. घरी परवडतं असं नाही पण बाबा म्हणतात बघू.

उत्तर: प्रायव्हेट युनिव्हर्सिटी म्हणजे कॅपच्या बाहेर, हे आधी समजून घे. शुल्क नियामक प्राधिकरण तिथली फी ठरवत नाही, वर सांगितलेली मुलींची माफीसुद्धा अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना लागू नाही. हल्ली काही जुनी कॉलेजंही युनिव्हर्सिटी झालीयेत, बोर्ड तेच, गेट तेच, पण आत नियम आणि फी दोन्ही बदललेले असतात, त्यामुळे या वर्षी ते नक्की काय आहे हे विचारून घ्यायचं.

चार वर्षांचे १६ लाख नुसते फीचे. फॉरेन टायअप म्हणजे नक्की काय, तर लेखी विचार की गेल्या वर्षी किती मुलं बाहेर गेली आणि त्यांनी स्वतःचे किती पैसे भरले. उत्तर गोलगोल आलं तर समजून जा. बाबा 'बघू' म्हणतात त्याचा अर्थ त्यांना नाही म्हणवत नाहीये. वालचंद १९४७ पासून चालू आहे, अनुदानित आहे, ऑटोनॉमस आहे, तिथले माजी विद्यार्थी पुण्या-मुंबईच्या मॅन्युफॅक्चरिंग आणि ऑटो कंपन्यांत वरच्या जागांवर बसलेत आणि आपल्या कॉलेजच्या पोरांना ओळख देतात. मेकॅनिकल करून डिझाइन, सिम्युलेशन, रोबोटिक्स, ईव्ही, आणि हवं तर पायथन-एमएलही शिकता येतं. मशीन आवडतच नसेल तर गोष्ट वेगळी, मग कॅपमध्येच एआय किंवा आयटीचं मध्यम कॉलेज बघ, पण १६ लाखाचं कॅम्पस नको. आणि २५ हजार आत्ता भरू नकोस, भरलेस की मग तेवढ्यासाठी तिकडेच ओढला जाशील. कॅपचे राउंड होऊ दे.

प्रश्न: जळगावहून. मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या लास्ट सेमला आहे, ८१ टक्के पडतील. डायरेक्ट सेकंड इयरला चांगलं कॉलेज मिळतं का, की जॉब धरू?

उत्तर: मिळतं, आणि तुझ्या बाबतीत खर्चाच्या बाजूनं सगळ्यात सोपा मार्ग हाच आहे, कारण डिग्रीची चारऐवजी तीनच वर्षांची फी भरायची. सेकंड इयरला डिप्लोमावाल्यांसाठी दहा टक्के जागा जास्तीच्या असतात, शिवाय फर्स्ट इयरच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही मिळतात. त्याची कॅप वेगळी निघते, मेरिट डिप्लोमाच्या फायनल इयरच्या मार्कांवर लागतं, म्हणून हे शेवटचं सेम ८१ वर सोडू नको, जीव तोडून कर, दोन-तीन टक्क्यांत कॉलेज बदलतं. जळगावचं सरकारी कॉलेज घरापासून जवळ आहे म्हणून तेवढंच भरू नकोस, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, कराड पण टाक. ईबीसी किंवा तुझ्या कॅटेगरीची सवलत इथंही चालते.

फक्त सेकंड इयरला गेल्यावर एम-थ्री सगळ्या डिप्लोमावाल्यांना जड जातं, कारण अकरावी-बारावीचं मॅथ्स आणि फर्स्ट इयरचं एम-वन, एम-टू तुम्ही केलेलं नसतं. रिझल्ट आणि कॅप यांच्यात जे दोन महिने मोकळे मिळतात त्यात इंटिग्रेशन, डिफरन्शिअल इक्वेशन आणि मॅट्रिक्स एवढं तरी करून घे, आणि दाखल्यांच्या रांगा लागायच्या आधी सेतूत जाऊन उत्पन्नाचा आणि डोमिसाइलचा अर्ज टाकून ये.